कडवे वाल सोलताना तुटतात, शिजल्यावर कडू लागतात. बिरड्याचं कुठं चुकतंय?

ब्रॅम्प्टनवाली

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं नुसती वाचते आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे पावटा ओळखीचा, वाल नाही. सासर चौलचं. सासूबाई श्रावणातल्या दर सोमवारी उपास सोडायला वालाचं बिरडं करायच्या, आणि नवरा अजूनही त्या ताटाबद्दल बोलतो. यंदा मनावर घेतलं. तीनदा केलं, तीनही वेळा फसलं. गेल्या वेळची हकिगत सांगते, बाकीच्या दोन याहून वाईट आहेत.

इथल्या दुकानातून पिशवी आणली, वर फक्त 'वाल' लिहिलेलं. शुक्रवारी रात्री भिजत घातले आणि कामाच्या गडबडीत शनिवारी रात्रीपर्यंत त्याच पाण्यात राहिले. मग उपसून झाकणाच्या डब्यात ठेवले. रविवारी संध्याकाळी उघडले तर निम्म्यांनाच मोड, हाताला बुळबुळीत आणि एक आंबूस वास. धुऊन सोलायला बसले. दर दोनातला एक दुभंगला. फोडणीत टाकले, पाणी, मीठ, चार आमसुलं घालून झाकण ठेवलं. पाऊण तासानं अर्ध्यांचं पीठ झालं होतं, अर्धे दाताखाली खडखडत होते, आणि सगळे कडू.

मुलीनं विचारलं, "आई, यात औषध घातलंय का?" नवरा काही न बोलता दोनदा वाढून घेतो, ते जास्त लागतं.

गूळखोबरं

आधी वाल कोणते ते सांग. फोटो नाही म्हणजे निदान अर्धवट.

बिरड्याचा वाल लहान असतो, तांबूस-तपकिरी, आणि कडेला पांढरी कोर असते, नखासारखी. मोठे, पांढरे, चपटे असतील तर ते गुजराती पद्धतीच्या रसदार वालाचे. चवीला छान, पण त्यांचं बिरडं होत नाही.

ब्रॅम्प्टनवाली

पहिल्या दोन वेळा पांढरेच होते! तिसऱ्या वेळचे लहान तांबूस. म्हणजे निदान तिसऱ्यांदा तरी बी बरोबर होतं. फोटो चढत नाहीये, क्षमस्व.

पेणकर

निम्म्यांनाच मोड आले म्हणजे वाल जुने. यात तुमचा दोष नाही, ताई.

आमच्याकडे भात कापला की त्याच शेतात वाल टाकतात. वेगळं पाणी देत नाहीत. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर पीक उभं राहतं. माघ-फाल्गुनात शेंगा वाळल्या की उपटून खळ्यावर झोडायच्या. नवे वाल बाजारात येतात ते त्यानंतर. पेण, अलिबाग, रोहा या बाजारांत बाया टोपलीत घेऊन बसतात, आणि घेणारे वर्षाचे एकदम घेतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण वाल' नावाच्या सुधारित जाती आहेत, पण माझी आई अजून घरचंच बी धरते. तिच्या मते सुधारित वाल दिसायला चांगला, आणि तिचं पुढचं वाक्य इथे लिहीत नाही.

घरी ठेवायचे तर कडक ऊन द्यायचं आणि चुलीची राख चोळायची, नाहीतर भुंगा पडतो. जुना वाल ओळखायची खूण: रंग काळपट पडतो, तुकतुकी जाते. भिजवल्यावर काही दाणे फुगतच नाहीत, टणक राहतात. त्यांना आमच्याकडे गणंग म्हणतात. एक गणंग अख्ख्या घासाची चव घालवतो. भिजवून झाले की परातीत पसरून एकेक निवडून काढा. तुमचे जे 'खडखडीत' होते त्यातले बरेच हेच असणार.

चौकोनी_पाट

अगं ब्रॅम्प्टनवाली, तुझं वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. मी ठाण्याची, चांद्रसेनीय कायस्थ, म्हणजे बिरड्यावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे असं मीच ठरवलंय. वय 67, त्यामुळे लांबण लागली तर चालवून घे.

पाव किलो वाल घे. चार माणसांना पोटभर होतात. सकाळी भिजत घाल, पाणी चांगलं चार बोटं वर. दुपारी पाणी बदल, संध्याकाळी पुन्हा. रात्री उपसून रोवळीत निथळू दे. 10 ते 12 तास पुरे. चोवीस तास एकाच पाण्यात ठेवलेस तिथंच ते आंबायला लागले. बुळबुळ त्याचीच.

मग पंचा ओला करून घट्ट पिळायचा, त्यात वाल बांधायचे आणि पुरचुंडी चाळणीवर ठेवायची. डब्यात नाही! खालून वारा लागला पाहिजे. वर दुसरा ओला पंचा. माझी आजी वर वरवंटा ठेवायची, म्हणायची दाबल्यानं मोड जाड येतात. मी एकदा दोन पुरचुंड्या करून पाहिलं होतं, एकीवर वजन, एकीवर नाही. वजनाखालचे आखूड आणि जाड आले, दुसरे लांब नि बारीक. आजीचं हे एक तरी खरं निघालं. दिवसातून दोनदा पंचावर पाणी शिंपड. आमच्याकडे श्रावणात 24 तासांत येतात, तुझ्याकडे दीड-दोन दिवसही लागतील. ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेव, माझी भाची बॉस्टनला तसंच करते. मोड बोटाच्या अर्ध्या पेराएवढे झाले की थांब. लांब वाढले की सोलताना तुटतातही आणि चवही पातळ होते.

आता सोलणं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घाल, अर्धा तास. गरम नको, बोट सहज बुडवता आलं पाहिजे. साल सुटी होऊन सुरकुतते. वाल चिमटीत असा धर की मोड पुढे, तुझ्यापासून लांब. मागच्या गोल टोकाला अंगठ्यानं हलकं दाब. मोडानं साल आधीच फाडलेली असते, त्या फटीतून डाळिंबी सुळकन् बाहेर येते. तू बहुतेक मधोमध दाबत होतीस, म्हणून दोन डाळी वेगळ्या झाल्या. सोललेल्या डाळिंब्या लगेच दुसऱ्या पाण्यात टाकायच्या. पाणी गार झालं की बदल, गार पाण्यात साल पुन्हा चिकटते. बोटं सुरकुततात, नखांच्या कडा पिवळ्या होतात, ते दोन दिवस राहतं. आमच्या लहानपणी सोमवारी कोण आईला मदत करून आलंय हे शाळेत हात बघून कळायचं.

शिजवायचं उद्या लिहिते, आता मालिका आहे.

सुका_जवळा

साष्टांग दंडवत, काकू. उद्यापर्यंत धागा वर ठेवतो. (माझ्या आयडीकडे बघू नका, श्रावणात मीही शाकाहारी.)

बंगळूरचा_बापू

मजा वाटली, कारण बंगळूरला हेच काम जानेवारीत रस्तोरस्ती दिसतं. इथे त्याला अवरेकाळु म्हणतात, शेंग ताजी असताना. दाणे भिजवून, चिमटीत दाबून साल काढलेले म्हणजे 'हितकिद अवरेबेळे', शब्दशः दाबून काढलेली डाळ. त्याचं सारू करतात, तळून चिवड्यात घालतात, अक्की रोटीतही घालतात. व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत अवरेबेळे मेळा भरायला लागला तेव्हा त्याच्या जिलब्यासुद्धा विकायला आल्या. एकदा खाल्ली, एकदा पुरे.

माझी आई मुरुडची. ती पहिल्यांदा इथे आली आणि मंडईत बायका झरझर दाणे पिचकताना बघून उभीच राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईनं बसून त्यांच्याबरोबर पाटीभर सोलून दिले.

फरक एकच: इथे दाणा ओला असतो म्हणून मोड काढावे लागत नाहीत. आणि शेंगेचा उग्र वास जितका जास्त तितकी ती भारी, भावही जास्त. शेंगेवर नाक लावून विकत घेतात.

परीक्षानळी

अन्नतंत्रज्ञान शिकवते, म्हणून कडूपणाबद्दल दोन गोष्टी.

वाल, पावटा, अवरे, सगळं एकच: लॅबलॅब पर्प्युरियस. गडद सालीच्या दाण्यात टॅनिन असतात, ते बहुतांश सालीत. साल काढल्यानं तुरटपणा कमी होतो तो त्यामुळे. दुसरं जास्त महत्त्वाचं: सुक्या वालात सायनोजेनिक ग्लायकोसाइड असतात. भिजवून, पाणी फेकून, मोड आणून, सोलून आणि नीट उकळून त्यांचं प्रमाण उतरतं. म्हणजे आज्यांनी घातलेला एवढा घाट नुसता हौसेचा नव्हता. म्हणून भिजवलेलं पाणी 'पौष्टिक' म्हणून भाजीत घालू नका, आणि मोड आलेले वाल मुगासारखे कच्चे कोशिंबिरीत तर अजिबात नकोत.

धागाकर्तीनं आमसुलं सुरुवातीला घातली, तिथं दुसरी चूक. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात विरघळत नाही, त्यामुळे दाणा शिजायचाच थांबतो. कोकम, चिंच, टोमॅटो, सगळं दाणा मऊ झाल्यावर. गूळही तेव्हाच.

चौकोनी_पाट

परीक्षानळी, मुली, आमच्याकडे याचं कारण 'आंबट बघून वाल रुसतो' असं सांगायचे. तुझं पेक्टिन पाठ करते.

तर शिजवणं. सोमवारचं म्हणून कांदा-लसूण नाही. एरवी मी बारीक कांदा घालते.

पसरट पातेलं घे. दोन मोठे चमचे तेल, त्यात हिंग सढळ हातानं. वालाला हिंग हवाच, तो नंतर पोटाला कळतो. हळद, मग निथळलेल्या डाळिंब्या. डाव फिरवायचा नाही! पातेल्याचे दोन्ही कान फडक्यानं धरून झोला द्यायचा. तिखट घाल, वरून गरम पाणी, डाळिंब्या जेमतेम बुडतील इतकं. ताटली झाकून तिच्यात पाणी ठेव. आतलं आटलं तर ताटलीतलंच तापलेलं पाणी ओतायचं. गार पाणी घातलंस की दाणा दचकतो आणि वरून फुटतो. कुकर नको, शिट्टी होईपर्यंत पिठलं झालेलं असतं.

मंद आचेवर 15-20 मिनिटांनी एक डाळिंबी काढून बोटानं चेप. लोण्यासारखी चेपली गेली पण उचलताना अख्खी होती, की झाली. आता मीठ, सुपारीएवढा गूळ, तीन आमसुलं, आणि वाटण: अर्धी वाटी ओलं खोबरं, चमचाभर जिरं, दोन हिरव्या मिरच्या, आल्याचा छोटा तुकडा. पाच मिनिटं. शेवटी अर्धी वाटी नारळाचा घट्ट रस, त्यानंतर उकळी फुटू द्यायची नाही. कोथिंबीर. सोबत गरम भात, नाहीतर घडीची पोळी.

गूळखोबरं

काकू, सगळं मान्य, पण गोडा मसाला?? आमच्याकडे डाळिंबी उसळ म्हणजे मोहरी-हिंगाची फोडणी, कढीपत्ता, खोबरं-जिरं, आमसूल-गूळ आणि चमचाभर गोडा मसाला. त्याशिवाय ती उघडी वाटते.

चौकोनी_पाट

तुमची ती उसळ, आमचं ते बिरडं. गोडा मसाला घातला की वालाचा वास जातो, मग मटकी काय वाईट होती?

गूळखोबरं

वालाचा वास जाऊ नये म्हणूनच एक चमचा लिहिलं, वाटी नाही. आणि नारळाचा रस घातला की सगळ्याच भाज्यांची चव एकसारखी होते, हे मी इतकी वर्षं बोललो नव्हतो.

सुका_जवळा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पेणकर

आमच्याकडे दोन्ही नाही. शेवग्याच्या शेंगा, वांगं, घरचं तिखट, वरून चिंचेचा कोळ, आणि तांदळाची भाकरी. सोललेल्या वालाला हा थाट पाहुण्यांसाठी, एरवी सालासकट. भांडा तुम्ही.

गूळखोबरं

बरं, तह. पण दोघांनाही मान्य होईल असं एक सांगतो: उरलेल्या डाळिंब्यांची खिचडी. आंबेमोहोर धुऊन निथळत ठेवायचा, फोडणीत डाळिंब्या परतून त्यावर तांदूळ, दुप्पट गरम पाणी, वरून ओलं खोबरं आणि तूप. इथे गोडा मसाला घालतात, आणि यावर काकूही काही बोलणार नाहीत.

चौकोनी_पाट

खिचडीत चालतो.

नागपुरी_संत्रं

आमच्या घरी नागपंचमीला चिरणं, तळणं, तव्यावर भाजणं काहीच नसतं. पण तेव्हा हे बिरडं सुचलं नव्हतं कुणाला. यात चिरायला काहीच नाही की! कोथिंबीर तोडून टाकायची. इकडे कडवे वाल सहज मिळत नाहीत. पावट्यावर चालेल का?

चौकोनी_पाट

चालेल, मोडही येतील, सालही निघेल. पण पावटा गोडसर. गूळ घालू नकोस, आणि शिजायला वेळ कमी दे. आमच्याकडेही नागपंचमीला बिरडंच. सोलणं आदल्या रात्रीच उरकायचं, म्हणजे सकाळी पातोळ्यांना हात मोकळे.

पेणकर

अवांतर: वालाचा विषय आणि पोपटी नाही, असं कसं? पौष-माघात शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मधे बटाटे, रताळी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला ठासून बोळा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा नि पाचोळा पेटवायचा. अर्ध्या तासानं वर पाणी शिंपडून बघायचं, लगेच चर्र झालं की काढायची. गावाबाहेरचे लोक यात कोंबडी घालतात म्हणून प्रसिद्ध झाली, पण आमच्या घरची शाकाहारीच. त्या शेंगांना भांबुर्ड्याचा जो वास लागतो, त्याला ओव्हनमध्ये पर्याय नाही. ताई, प्रयत्न करू नका, धुराचा भोंगा वाजेल.

ब्रॅम्प्टनवाली

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी हजर आहे, अहवाल घेऊन.

दुसऱ्या दुकानातून वाल आणले, पिशवीवरची तारीख बघून. पाव किलोतून गणंग निघाले अठरा. (मोजले. हो.) ओव्हनचा दिवा लावून ठेवला, 36 तासांत मोड. वरवंटा नाही म्हणून दळलेल्या कणकेची पिशवी वर ठेवली. वास कसलाच नाही, ओल्या मातीसारखा थोडा.

सोलायला सासूबाईंना व्हिडिओवर घेतलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बघत होत्या, आणि मी मधोमध दाबलं की "अंहं" म्हणायच्या. दहा मिनिटांनी अंहं बंद झालं. लेक शेजारी बसली होती, तिला डाळिंबी बंदुकीसारखी उडवायचा शोध लागला, त्यातल्या पाच-सहा फ्रिजखाली गेल्या. दीड तास लागला. पाव किलोमागे तुटल्या असतील वीसेक.

आमसुलं शेवटी घातली. डाव फिरवायचा हात दोनदा पुढे गेला, दोनदा आवरला. नारळाचा रस डब्याचा, काकू माफ करा. कडूपणा आहे, पण आता तो मागून येतो, गुळाच्या नंतर. तो तसाच असतो ना?

नवऱ्यानं पहिल्या घासाला विचारलं, "हिंग कुठला?" मी म्हटलं, नेहमीचाच. मग म्हणाला, आईचं थोडं पातळ असायचं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं बोलेल.

चौकोनी_पाट

तो कडूपणा हवाच गं, म्हणून तर ते कडवे वाल. तो पूर्ण गेला की समजायचं कुणीतरी पावटा गळ्यात मारला. आणि पातळ असायचं म्हणाला ना, म्हणजे चव जुळली. माणूस तुलना जवळच्या गोष्टीशीच करतो.

परीक्षानळी

डब्याचा रस चालतो, फक्त गॅस बंद करून घाला. +१ अहवालाला. गणंग मोजणारी धागाकर्ती या संस्थळाला पहिल्यांदाच मिळाली.

सुका_जवळा

फोटो??

ब्रॅम्प्टनवाली

संपलं. फोटोच्या आधी.

एक शेवटचं विचारते: दर सोमवारी दीड तास सोलणं नोकरी सांभाळून जमायचं नाही. एकदम किलोभर करून ठेवता येईल का?

गूळखोबरं

सोललेल्या डाळिंब्या पंचावर पसरून वरचं पाणी सुकवायचं, मग पिशवीत एकेरी थर करून सपाट गोठवायच्या. करताना वितळू न देता थेट फोडणीत. वितळू दिल्या की तुटतात. दोन महिने तरी मी ठेवल्या आहेत. सालासकट मोड गोठवू नका, नंतर सोलणं म्हणजे चिखलात हात.

पेणकर

सालं टाकू नका, कुंडीत घाला. आमच्याकडे गोठ्यात जातात.

ब्रॅम्प्टनवाली

आज तीन पाकिटं करून ठेवली. वर मोठ्या अक्षरांत 'वाल, मटार नाहीत' लिहिलंय, कारण गेल्या वेळी उरलेल्या डाळिंब्या नवऱ्यानं पुलावात घातल्या होत्या.